घागरीच्या काठावरचा आवाज

शहाद्यातल्या एका भांडी घडवणाऱ्याच्या मुलीचा आवाज काचेवर उतरला, तो तिच्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात, भर दुपारी. वर्ष एकोणीसशे तीसनंतरचं. नेमकं कोणतं, याची नोंद माझ्याकडे नाही. मी तेव्हा एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत असे आणि गावातल्या फोटोवाल्याच्या माडीवर भाड्याने राहत असे. ही बातमीही मी पाठवली होती. ती छापली गेली नाही.

उपकरण फोटोवाल्याने एका इंग्रजी मासिकात वाचून स्वतः केलं होतं. बिस्किटांच्या गोल डब्याची दोन्ही तोंडं कापून एका तोंडावर त्याने जत्रेतल्या फुग्याचं रबर ताणून बांधलं आणि त्यावर आरशाचा नखाएवढा तुकडा चिकटवला. ओट्यावरच्या मोठ्या आरशावरून ऊन खिडकीच्या भोकातून अंधाऱ्या खोलीत यायचं, त्या तुकड्यावर पडायचं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका व्हायचा. डब्याच्या उघड्या तोंडाशी कोणी बोललं की ठिपका ताणला जाऊन त्याची रेघ व्हायची. ऊन सरकेल तसा मोठा आरसा सरकवायचं काम माझ्याकडे होतं. मधल्या वेळात मी आत असे.

गल्ली बघायला लोटली. वाण्याने डब्यात डाळींचे भाव सांगितले, ठिपका जेमतेम हलला. भाजीवालीने एकदाच “मेथी” म्हटलं आणि रेघ भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत गेली.

“आज बजार मंदा शे,” वाणी म्हणाला.

भांडी घडवणारा सगळ्यांच्या शेवटी आला. त्याचं दुकान समोरच होतं. तांब्याच्या घागरी ठोकून ठोकून त्याचे कान गेले, तेव्हा त्याची मुलगी रांगत होती. तिचा एकही शब्द त्याने ऐकलेला नव्हता. ती फार बोलते, हे त्याला शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून माहीत होतं. घरातले सगळे त्याच्याशी ओरडूनच बोलत. त्याचा उपयोग नव्हता, पण सवय मोडली नव्हती.

तो भिंतीकडे बघत उभा असताना मुलगी जेवायला बोलवायला दारात आली आणि ओरडली, “अब्बा, रोटी निवी ऱ्हायनी.” डब्याचं तोंड दाराकडेच होतं. ठिपका उसळला. त्याने मागे वळून न पाहता सांगितलं, “चाल, येस मी.”

फोटोवाल्याने त्याच्यासमोर जाऊन हातवारे करत विचारलं, तीच बोलली हे कसं समजलं?

“दुसरं कोन इतलं वरडस?” तो म्हणाला. मग भिंतीकडे बोट करून म्हणाला, “पोर लगीन व्हयनं का गुजरातमा जाई. हाई रेघ माले कागदवर जोयजे. भिंतवरली ऱ्हास नही.”

फोटोवाल्याने लाकडाची उभी खाच करून घेतली. फोटोची काच खाचेतून वरून खाली सोडायची आणि ती पडत असताना एका अरुंद फटीतून ठिपका तिच्यावर पडू द्यायचा. काच पडायला लागतो तेवढ्या वेळात एखादं अक्षर उच्चारून होतं. तेवढाच आवाज उमटणार होता. पेटीत तीन काचा उरल्या होत्या. मुंबईहून नव्या काचा यायच्या होत्या, त्या लग्नानंतर.

ठरल्या दुपारी मुलगी आईबरोबर आली. नवी ओढणी, डोळ्यांत सुरमा. लाल कंदिलाच्या उजेडात ती खुर्चीवर बसली, हात गुडघ्यांवर ठेवले, हनुवटी उचलली आणि श्वास रोखला. फोटोवाल्याने खूण करून काच सोडली. धुतल्यावर काचेवर एक रेघ निघाली. ती सरळ होती.

दुसऱ्या वेळी त्याने आधी बजावलं, “आते बोल.” ती ताठ बसून राहिली. काच खाली पडल्याचा आवाज झाल्यावर तिने विचारलं, “काय बोलू?”

“घरमा तोंडले कुलूप नही, आठे किल्ली सापडत नही,” आई म्हणाली.

फोटोवाला कपाळावर हात मारून हसायला लागला. “मन्हीच चूक शे, भाभी. हालू नका, बोलू नका, हाई बठ्ठा गावले मीच शिकाडं.”

शेवटची काच त्याने खाचेत चढवली आणि दोरी हातात धरून उभा राहिला. मुलगी पुन्हा ताठ झाली. बाप इतका वेळ डब्यामागे उभा होता. घागर ठोकून झाली की तिला तळहात लावून तिचा नाद बघायची त्याची पद्धत होती. डब्यात काही हलतंय का, हे बघायला त्याने हात पुढे केला. तो थेट आरशाच्या तुकड्याकडे चालला होता.

मुलगी खुर्चीवरून उठली आणि गल्लीत ऐकू जाईल अशी ओरडली, “अब्बा, हात हटाव!”

हात पोचायच्या आत फोटोवाल्याने दोरी सोडली.

काच धुवायला तो एकटाच आत गेला. बाहेर आला तेव्हा खिडकी उघडून त्याने ती उजेडात धरली. वरपासून खालपर्यंत नागमोडी रेघ होती, मधे रुंद, शेवटी बारीक होत गेलेली. बापाने बोट काचेला न लावता तिच्यावरून हवेत फिरवलं. हे ‘अब्बा’तलं की ‘हात’मधलं, असं त्याने खुणेने विचारलं. खात्रीने कोणालाच सांगता आलं नाही.

कागदावरची प्रत दुसऱ्या दिवशी त्याला मिळाली. लग्नापर्यंत त्याने दोन घागरी केल्या आणि दोन्हींच्या काठावर ती रेघ छिन्नीने कोरली. एक मुलीबरोबर गेली. दुसरी दुकानात फळीवर राहिली. गिऱ्हाइकांना ती नक्षी आवडली. ती घागर त्याने दिली नाही, पण तशीच रेघ दुसऱ्या घागरींवर कोरून दिली. गल्लीत, मग शेजारच्या लोणखेड्याकडच्या घरांतही, त्या घागरी दिसू लागल्या. ती नक्षी म्हणजे काय, हे बहुतेकांनी विचारलं नाही.

मुलगी पहिल्या ईदेला माहेरी आली. पाण्यावर गेली तेव्हा शेजारणींच्या कमरेवर तीच रेघ तिने पाहिली. घरी येऊन बापाला म्हणाली, “म्हंजे मी गयी तरी गल्लीमा वरडीच ऱ्हायनी.”

बाप तिच्या ओठांकडे बघत होता. त्याने फळीवरची घागर काढून तिच्या हातात दिली आणि आत्ता काय म्हणालीस ते दाखव, असं सांगितलं. तिने काठावरच्या रेघेवरून बोट फिरवलं. तो हसला.

मी शहादा सोडलं, त्या दिवशी घागर फळीवर होती. विकलेली नव्हती.