आक्काला उचललेलं आवडायचं नाही

सुमनआक्का गेली त्याला आज वर्ष झालं, आणि त्यात माझा हात आहे.

खाली लगेच "असं बोलू नकोस रे" लिहू नका. आधी वाचा.

आक्का आमच्या गल्लीतली. लहानपणी पोलिओने पाय गेले, पण हातांत काय जोर! तीनचाकी सायकल हाताने मारत सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला एकटी जायची. त्या सायकललाच "मन्हा घोडा" म्हणायची.

कुणी मदतीला वाकलं की डाफरायची,
"उचलू नको माले! मी काय पोतं शे का?"

एका संस्थेने गावात दिव्यांगांसाठी चार घरं बांधायला घेतली. साइट इंजिनीअर मीच. आक्का खूश.

पहिल्या दिवशी म्हणाली, "भाऊ, घर मोजानं आधी माले मोजी ले."
मी हसलो. टेप खिशात होता, तरी मोजलं नाही.

यादीत रकाना एकच. दिव्यांग: होय.
काय जमत नाही, काय लागतं, हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

प्लॅनमध्ये रॅम्प आणि आतलं मोठं बाथरूम एकाच घराला. बाकी तीन घरांना संडास अंगणात. वर त्या तिन्ही घरांना ठाण्या मिस्त्रीने हौसेने तीन पायऱ्यांचा ओटा घातला.
"ओटाबिगर घर शोभस का, साहेब?"
मी मान डोलावली. झालं.

वशिल्याचं नाव नको म्हणून घरवाटपाला चिठ्ठ्या टाकल्या. आयडिया माझीच, अक्कल तेवढीच!

रॅम्पचं घर निघालं रघोबाबांना. त्यांना डोळ्यांनी दिसत नाही, पाय धडधाकट.
आक्काला ओट्याचं.

आठवड्यात रघोबाबाच म्हणाले, "पायऱ्या मोजता येतस रे भाऊ, उतार मोजता येत नही. आक्काले दी टाक हाई घर."

आक्काने तर चावी काढून माझ्यापुढे धरली.
"चावी बदलाले कितला टाईम लागस?"

पाच मिनिटं, आक्का. पाचच मिनिटं लागली असती.

पण मी म्हणालो, "घर ज्याच्या नावावर त्यानेच राहायचं. रीतसर करू. अर्ज पाठवतो."
अर्ज पाठवला. वरून उत्तर नाही. मी पण दुसऱ्या साइटवर गेलो.

घोडा ओट्याखाली, आक्का ओट्यावर.

पायऱ्या उंच, नुसत्या हातांवर चढता-उतरता येईना. अंगणात जायचं तर कुणीतरी उचलायला हवं. म्हणून तिने पाणीच कमी केलं. हे मला नंतर तिच्या वहिनीने सांगितलं. "दिवसभरमा दोन घोट पेयाची," म्हणाली.
लघवीचं इन्फेक्शन झालं, ताप चढला. डॉक्टरकडे नेऊ म्हटलं तरी आक्का कुणाला हात लावू देईना. शेवटी नेली तेव्हा उशीर झाला होता.

तिरडी ओट्यावरून खाली घ्यायची होती. आम्ही चौघं. पुढे मी आणि ठाण्या मिस्त्री.
दुसऱ्या पायरीवर ठाण्या थांबला. त्यानेच बांधलेली पायरी. हुंदका देत म्हणाला,
"हळू रे. उचलेलं तिले आवडत नही."

मला पुढचं काही दिसेना.

रघोबाबांच्या घराचा रॅम्प समोरच होता.

आक्का, तुला उचललं गं. माफ कर म्हणायला तोंड नाही मला.
जिथे गेलीस तिथे तुझा घोडा दारापर्यंत येवो.