झाकण तिचं, अस्तर माझं

खोटं कशाला बोलू, तिची कंपनी निघाली तेव्हा माझ्या पोटात दुखलं. चांगलंच दुखलं.

चेन्नईच्या एकाच विद्यापीठात, एकाच प्रयोगशाळेत आम्ही दोघी प्राध्यापिका. मी सांगलीची. तिच्या घरचे मूळ तंजावरचे, मराठी जुन्या वळणाची, मध्येमध्ये तमिळ. दोघींचं काम शहराजवळच्या कोवलम गावच्या मच्छीमारांच्या बर्फाच्या पेट्यांवर. पेटीच्या आतलं काथ्याचं अस्तर माझं, वरचं झाकण तिचं. माझ्या अस्तराने बर्फ दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत टिकायचा. तिचं झाकण घट्ट बसायचं. बस, एवढंच!

पण मला बढतीची घाई. बढतीला छापलेले पेपर लागतात, म्हणून मी सगळी कृती मापांसकट छापून टाकली. ती मात्र दोन वर्षं गप्प. "अंडी उबवतेस की काय गं?" मी चिडवायची. "आधी पेटंटचा अर्ज, मग पेपर," ती म्हणायची. पुढे मीही पेटंटसाठी गेले, तर तिथल्या माणसाने माझाच पेपर माझ्यापुढे ठेवला. "मॅडम, हे जगजाहीर झालं. आता नवीन काय राहिलं?" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी मनाची समजूत घातली, फुकट आहे तर कुणीतरी करेलच. कुणी केलं नाही. जे कुणीही उचलू शकतं, त्यात पैसा कोण घालणार?

तिच्या पेटंटवाल्या झाकणात मात्र लोकांनी घातला. चेन्नईतच पेरुंगुडीत ऑफिस झालं, पंचवीस-तीस जणांना काम मिळालं, कोवलमची मासळी लांबच्या बाजारात ताजी पोचायला लागली. कुलगुरू भाषणात म्हणाले, संशोधनातून रोजगार उभा राहतो तो असा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, दातओठ खात. तिच्याशी बोलणं टाकलं ते तेव्हापासून.

मग माझ्याच विद्यार्थिनीला तिने नोकरी देऊ केली. पोरीचं अख्खं घर त्या पगाराकडे डोळे लावून होतं. पीएचडी पूर्ण व्हायची होती, म्हणून माझं ना-हरकत पत्र लागणार होतं, शुक्रवारपर्यंत. मी ते खणात टाकलं. कंपनी घेतलीस, टाळ्या घेतल्यास, आता माझी पोरगीही हवी? पोरगी रोज दारात येऊन उभी राहायची. "बघते," मी म्हणायची. सही केली ती सोमवारी.

त्याच दुपारी तिचा फोन. "अय्यो, काय केलंस हे! माझ्या झाकणाखाली तुझं अस्तर घालायचं होतं, तुझ्या नावानं. पेपर वाचून माझ्या माणसांना ते जमेना. हाताने करता येतं ते त्या मुलीलाच. पैसे लावणारे शुक्रवारपर्यंतच थांबले. आता थर्माकोल ठरलं, तिची जागाही गेली."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू बोलतेस कुठे माझ्याशी?"

आणि खरं सांगते, फोन ठेवल्यावरही जळफळाट गेला नाही. माझ्या अस्तराचं भलं करायचंसुद्धा हिलाच आधी सुचावं!

पोरीला आता बंगळूरला बॅटरीच्या कंपनीत काम मिळालंय. तिथल्या पत्रावर मी उभ्याउभ्या सही केली. कागद घेऊन ती "थँक्यू मॅडम" म्हणाली, पण माझ्याकडे बघितलं नाही.