आठ दिवसांच्या बोलीवर

गेल्या पावसाळ्यात, एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, दारव्ह्यातल्या आपल्या बैठकीत बसून माझ्या मामांनी मला पुण्याच्या एका कंपनीला आठ दिवसांच्या बोलीवर देऊन टाकले. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि पूर्ण शुद्धीवर होतो.

मामा चाळीस वर्षांपासून बैलबाजारात दलाल आहेत. मी वीस वर्षे प्रोग्रॅमर होतो आणि त्यानंतर वीस महिने कोणीच नव्हतो. पुण्यातली नोकरी गेल्यावर बायको सुषमा आणि मी दारव्ह्याला परतलो. दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच मुलाखत. ती हुकली तर मी सुषमाच्या भावाच्या सिमेंटच्या दुकानात बसायचे ठरले होते. त्याने खुर्ची पुसूनही ठेवली होती.

तयारीसाठी मी एक ऑनलाइन शिबिर केले होते. स्वतःला बाजारातला माल समजा, असे तिथे शिकवले. त्यानुसार परिचयपत्रात मी 'परिणामकेंद्री तंत्रनेता' झालो आणि वीस महिन्यांच्या जागी 'स्वतंत्र सल्लागार' असे लिहिले. (सल्ले मी दिले होते. सगळे सुषमाला. तिने एकही घेतला नाही.)

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मामांनी ते परिचयपत्र माझ्याकडून वाचून घेतले.

"हे बैलाचं वर्णन हाये का रथाचं?"

"मामा, असंच लिहितात."

"आन् वीस महिने बसून होता, ते कोठी हाये?"

"ते सांगायचं नसतं."

"बापू, खोड आपणच आधी सांगा लागते. गिऱ्हाइकाले मागून समजली, तं बैल बी वापस येते आन् दलालाचं नाव बी जाते."

मंगळवारी वीज गेली. इन्व्हर्टर मामांकडे होता, म्हणून मुलाखत त्यांच्या बैठकीत झाली. अट एकच होती: मामांनी दिवाणावर, कॅमेऱ्याबाहेर, गप्प बसायचे. साडेदहाला मुलाखत सुरू झाली. मामांनी अट वीस मिनिटे पाळली.

"या वीस महिन्यांत तुम्ही नेमका कोणाला सल्ला दिलात?" मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारले.

"विविध क्षेत्रांतल्या..."

"मॅडम, नमस्कार." मामा टोपीसकट कॅमेऱ्यात आले. "मी याचा मामा. वीस महिन्यापासून घरी बसून हाये हा. लाजते म्हून सांगत नाही."

माझा हात म्यूटकडे गेला. मामांनी तो धरून बाजूला ठेवला. (चाळीस वर्षे बैल आवरलेला हात आहे.)

"आणखी काही?" बाईंनी विचारले. त्या हसत नव्हत्या.

"बोलते कमी, आन् जे बोलते ते समजत नाही. वय शेहेचाळीस. पण जुना बैल वावराच्या कडेले, धुऱ्यावर, आपोआप वळते, त्याले सांगा लागत नाही. आन् हे पाहा."

मामांनी आपला फोन कॅमेऱ्यासमोर धरला. उलटा. सुलटा केल्यावर त्यात बैलांची यादी दिसली: फोटो, वय, मालक, खोड. तो प्रोग्रॅम मी हिवाळ्यात मामांसाठी लिहिला होता आणि आता बाजारातले सगळे दलाल तो वापरत होते. परिचयपत्रात त्याचा उल्लेख नव्हता. तंत्रनेत्याला बैल शोभत नाहीत, असे माझे मत होते.

"बाजारात रेंज राहत नाही," मामा म्हणाले. "तरी चालते हे. घरी आलो का आपोआप वर चढते."

"रेंज नसताना दोघांनी एकाच बैलाची नोंद बदलली तर?"

बाईंचा हा प्रश्न मला होता. कंपनीत त्या महिन्यात नेमकी हीच अडचण चालू होती, हे नंतर कळले. मी पंचवीस मिनिटे बोललो. त्यात 'परिणामकेंद्री' हा शब्द एकदाही आला नाही.

"काम चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण इतका मोठा खंड पडल्यावर..."

"आठ दिवस जुपून पाहा," मामा म्हणाले. "नाही चालला तं आणून सोडा. मी काही म्हणत नाही."

स्क्रीनवर काहीच हलेना. मला वाटले नेट गेले.

"चालेल," बाई म्हणाल्या. "सोमवारपासून. घरूनच करू द्या त्यांना."

करू द्या, हे मामांना उद्देशून होते.

त्या आठ दिवसांत मामांचा रोज सुषमाला फोन.

"खाल्लं का त्यानं?"

"हो, मामाजी."

"काम करून राह्यला ना?"

"सकाळपासून जागचे उठले नाही."

"मारत तं नाही कोणाले?"

"अजून तरी नाही."

नवव्या दिवशी नियुक्तीपत्र आले. सुषमाने ते दोनदा वाचले आणि भावाला फोन करून ती खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी दे म्हणून सांगितले. मग मी मामांना पत्रातली एक ओळ समजावली: पहिले तीन महिने परीक्षेचे, काम पसंत पडले तरच कायम.

"तीन महिने?" मामा म्हणाले. "आमी आठ दिवसात बैल ओळखतो. त्याहिले काहून येवढा टाइम लागते?"

"तुम्हीच खोडी जास्त सांगून ठेवल्या, मामाजी," सुषमा म्हणाली.

ते तीन महिने संपून आज अकरा दिवस झाले. मला अद्याप कोणी आणून सोडलेले नाही.