दुबईत वाजलेला मिस कॉल

लेकीच्या बाळंतपणाला दुबईला निघाले, तर पुण्याहून मुलाचं फर्मान आलं, "आई, तुझं सिम काढून ठेव. रोमिंग महाग पडतं. तिथं वायफायवर बोल."

मी म्हटलं, "अन् तुझ्या बाबांच्या बटनाच्या फोनला वायफाय कुठून लावू रे?"

आमचे हे रोज पहाटे राजघाटावर तापीत डुबकी मारतात आणि मी घरी नसले, तर परतल्यावर मला मिस कॉल देतात. अगदी माहेरी निंबोल्याला असले तरी देतात. रिंग वाजली की समजायचं, माणूस पाण्यातून सुखरूप आला. आता तर घरी एकटेच राहणार होते. न उचललेल्या कॉलचे पैसे लागत नाहीत, हे इतवाऱ्यातल्या रिचार्जवाल्याकडून मी पक्कं करून घेतलं आणि रोमिंग चालू करूनच विमानात बसले.

तिथं रोज सकाळी रिंग वाजायची, थांबायची. एके दिवशी थांबेचना. लेक ओरडली, "आई, उचलू नको, रोमिंग लागेल!"

"लागू दे." माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उचलला.

"अगं, चहापत्ती कुठं ठेवलीस?"

मग मी डबा सांगितला, फळी सांगितली, केळीला पाणी दिलं का तेही सावकाश विचारलं. लेक घड्याळ बघत होती. मी नाही बघितलं.