फिल्मवरचे तीन मिलिमीटर

“मानेतला खुंट नऊ मिलिमीटर वर चढलाय,” डॉक्टर म्हणाले. मी पहिला प्रश्न केला, “मोजलं कोणी?”

मी सर्वे कचेरीत नकाशे काढतो. मीटर-मिलिमीटर आमच्याकडे नुकतेच आले होते आणि दुसऱ्याने घेतलेलं माप मी पुन्हा घेतल्याशिवाय सही करत नसे.

सुरुवात खोकल्यापासून झाली. खोकलं की मानेच्या वर कळ यायची. पुढे उजव्या हाताला ऊन-गार कळेनासं झालं. कॉफीच्या लोट्याने बोट पोळलं ते फोड आल्यावर समजलं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, कियारी मालफॉर्मेशन. म्हणजे मेंदूचं मागचं खालचं टोक कवटीच्या तळाच्या छिद्रातून मानेत उतरणं. एक्स-रेत मेंदू दिसत नाही, हाडंच दिसतात. म्हणून तोंडातल्या टाळूच्या मागच्या कडेपासून त्या छिद्राच्या मागच्या कडेपर्यंत रेघ ओढतात. मानेच्या दुसऱ्या मणक्याचा खुंट, म्हणजे वर आलेलं हाडाचं टोक, रेघेच्या फार वर गेला, तर आत जागा कमी, असा हिशेब. ऑपरेशन करून मागचं हाड थोडं काढायचं.

न दिसणाऱ्या गोष्टीसाठी डोकं उघडायचं? मी चामराजपेटेतल्या दुसऱ्या दवाखान्यात फिल्म काढवली. तिथे सहा मिलिमीटर निघाले. मी दोन्ही लिफाफे डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले.

ते शांतपणे म्हणाले, “डोकं फिल्मपासून लांब असलं की सावली मोठी पडते. कडाही पुसट असतात. मी मापावर ऑपरेशन ठरवत नाही, तुमच्या हातावर ठरवतो.” मग टाचणी घेतली. “टोचतंय?”

“दाबता कुठे तुम्ही?” मी म्हणालो. टाचणी बोथट असावी, असंच मला वाटलं. आठ दिवसांत कळवतो म्हणून निघालो.

रविवारी सकाळी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावल्या आणि कचेरीतलं कर्कटक घेतलं. माझी थोरली बहीण, अक्का, शेंगा निवडत बसली होती.

“अरे, नकाशा नाही तो, डोकं आहे तुझं! किती वेळा मोजशील?”

“स्वल्प थांब, अक्का.”

अकरा वेळा मोजलं. एकाच फिल्मवर कधी सात, कधी नऊ. माझंच माप माझ्याशी जुळेना. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि ओरडली, “अहो, रक्त!”

फिल्मवर लाल ठिपके होते. कर्कटकाचं टोक उजव्या अंगठ्यात रुतलं होतं. मी ते उपसून काढलं, तरी काही जाणवलं नाही. हे टोक बोथट नव्हतं. कालच मी त्याला धार लावली होती.

सोमवारी मी दवाखान्यात गेलो. पाठीत एक्स-रेवर दिसणारं औषध सोडून आणखी फिल्म काढल्या. त्याला मायलोग्राम म्हणतात. औषध मानेशी अडलेलं मी स्वतः पाहिलं आणि कागदावर सही केली.

ऑपरेशनला दोन वर्षं झाली. खोकल्याची कळ गेली. उजव्या हाताचं ऊन-गार परत आलं नाही, येणारही नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. माझ्या उलटतपासणीवर न रागावता त्यांनी आठ दिवस वाट पाहिली, हे मी विसरलेलो नाही.

तुमच्यावर ही वेळ आली तर माप जरूर विचारा, दुसरी फिल्मही काढा. शंका मी अजून घेतोच. फक्त लोट्याला आधी डावा हात लावतो.