सतरा लाल बटणं

आमची आत्या कपडे शिवते आणि सिनेमांचा निकाल लावते. चर्चच्या दाराशी एक फळा आहे. दर शनिवारी ती त्यावर खडूने लिहिते, अमुक सिनेमा पाहावा, तमुक पाहू नये. बस्स! मंडळी तिच्या शब्दाबाहेर जात नाही. खुद्द चर्चचे पाळकसाहेब आधी फळा वाचतात, मग तिकीट काढतात.

थिएटरात तिच्या पिशवीत बटणं, मांडीवर रिकामा डबा. शिवी आली की काळं बटण. मारामारीला पांढरं. आणि चावटपणाचा वास आला की डोळे गच्च मिटायचे आणि कानाच्या अंदाजाने लाल टाकायचं. टण्! पाच लाल झाली की सिनेमा बाद.

"मग तू बघतेस तरी काय?" मी विचारायची.

"कार्टे, बघायचं नाही म्हणून तर ऐकते!"

आईबाबा गेल्यावर हिनेच मला वाढवलं. आणि मी काम कुठलं धरावं? सिनेमासाठी आवाज टिपून जोडण्याचं! परवा माझा पहिला सिनेमा लागला. दारुडी आई, घर सोडून गेलेली मुलगी, शिव्यांचा नुसता पाऊस. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत, मला फळ्यावर 'पाहावा' हवं होतं, आत्याच्या अक्षरात. नाहीतर मी तिला तोंड कसं दाखवणार होते?

दुपारच्या खेळाला तिच्या शेजारी बसले. काळी बटणं धडाधड पडत होती. मग पडद्यावर अंधार झाला आणि बाईचा आवाज आला, "अं... हं... हळू... अजून थोडं... अगं आई गं!"

आत्याचे डोळे गच्च. टण्, टण्, टण्!

बाहेर पायऱ्यांवर तिने डबा माझ्या नाकासमोर धरला. "सतरा लाल! सतरा! त्या बाईला जनाची नाही, मनाची तरी आहे का?"

"आत्या, त्या मायलेकी अंधाऱ्या जिन्यावरून कपाट चढवत होत्या."

"कपाट?"

"आणि आवाज तुझा आहे. आपण तुझं कापडांचं कपाट वर नेलं ना, तेव्हा माझ्या खिशात आवाज टिपायचं यंत्र चालू होतं."

आत्याचा आ वासला. "अगं बाई! म्हणजे सतराच्या सतरा माझीच?" आणि ती जी हसत सुटली, की डबा सुटून बटणं पायऱ्यांवरून टणाटण खाली. मीही हसून हसून खालीच बसले.

एक लाल बटण पाळकसाहेबांच्या बुटापाशी थांबलं. फळ्याची वाट न बघता स्वारी सिनेमाला आली होती! चोरी पकडली गेल्यासारखे ते म्हणाले, "बाई, क्षमा करा. पण मी रडलो हो. गेल्या रविवारच्या बायबलच्या पाठात खून होता, दारू होती, परस्त्री होती. तिथे कुठे आपण डोळे मिटले?"

"रडलात? कुठे?"

"कपाट वर पोचल्यावर. मुलगी पदराने आईचं तोंड पुसते, तिथे."

आत्याचं हसू थांबलं. "मला का नाही कळलं?"

"तिथे आवाजच नाही," मी म्हणाले. "मीच ठेवला नाही."

तिने बटणांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि पुढच्या खेळाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

शनिवारी फळ्यासमोर ही गर्दी! आत्याने लिहिलं होतं: 'पाहावा. लहान मुलांना नेऊ नये. काळी एकतीस, सगळी खरी. लाल सतरा, ती माझी. डोळे मिटू नयेत. मी मिटले होते.'