गोधडीतला हिरवा उजेड

साठीची कोवळी असताना मी भारी शहाणी होते. पाणी तपासणाऱ्या पावण्यासाठी विहिरीचं पाणी मी चिंचेनं लख्ख घासलेल्या तांब्याच्या कळशीत रात्रभर भरून ठेवलं. पावण्यापुढं प्लास्टिकची बाटली ठेवणं शोभतं का?

तो दर उन्हाळ्यात आळेफाट्याहून मोटरसायकलवर यायचा. काहीही विचारा, आधी "बघू, बघू" म्हणायचा. इवल्या बाटलीत पाणी घ्यायचा, दोन थेंब औषध टाकायचा आणि अंधार हवा म्हणून माझी गोधडी डोक्यावर ओढून आत निळी बॅटरी लावायचा. पाणी चांगलं असलं की हिरवं चमकायचं. त्यात तांबं उतरलं असलं की उजेड विझायचा.

त्या दिवशी कळशीतलं पाणी घेतलं आणि उजेड विझला. वाडीची एकुलती विहीर आता बंद होणार, असं मी धरूनच चालले. त्यानं मात्र कागदावर काहीच लिहिलं नाही. कळशीच्या आतून बोट फिरवलं, "बघू, बघू" म्हणत विहिरीवर गेला, स्वतः पाणी शेंदलं आणि पुन्हा गोधडीत शिरला. गोधडीच्या भोकांतून हिरवं चमकलं.

बाहेर येऊन म्हणाला, "आजी, विहीर चांगली हाय. तुमच्याच हाताला लई जोर, कळशी पार पाण्यात उतरलीय."